अनंतकाय

अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक चौकट आहे:
आपल्या संशोधनाचा समाजाला उपयोग. शब्दमर्यादा दोनशे.
मी लिहिते, खोडते.
खिडकीबाहेर विद्यापीठाचा मोर
डांबरी रस्ता ओलांडतोय, कुणाच्या बापाला न भिता.

पद दोन वर्षांचं. वयाची अट पस्तीस.
मी चौतीस वर्षं दहा महिन्यांची.
वनस्पतींचं वय मला कोटींत सांगता येतं,
फांदी कधी फुटली, कोण कुणाची मावसबहीण;
सरांनी अजून न धाडलेल्या शिफारसपत्राचं
काहीच सांगता येत नाही.

पाठीमागं लोखंडी कपाटं. डांबरगोळ्यांचा वास
ओढणीत असा मुरलाय
की राजारामपुरीत रिक्षावाला विचारतो,
"बाई, पेटीतला शालू काढलासा व्हय?"

कपाटात माझी खर्चुडी आहे, कागदाला टाचलेली.
मसाई पठार. कातळाच्या फटीत, माती बोटभर.
संग्राहक: त्रि. आ. मगदूम.
लेबलावर जागा नव्हती म्हणून राहून गेला
धुळाप्पा, मेंढरं घेऊन आलेला,
ज्यानं काठीच्या टोकानं दाखवलं,
"ही व्हय? हिचा कंद ग्वाड लागतोय.
म्या ल्हान हुतो तवा लई हुत्या."
मी त्याचा आलेख केला. उतरता.

फूल म्हणजे कंदील. गळा अरुंद,
गळ्यात खाली वळलेले केस.
माशी वासानं आत जाते, मग बाहेर येता येत नाही.
एक रात्र, कधी दोन.
मग केस सुकतात, फूल मान टाकतं,
माशी अंगावर पराग घेऊन सुटते
आणि (हे मी बघितलंय, भिंगातून, पोटावर पालथी पडून)
काही न शिकता
शेजारच्या कंदिलात शिरते.

आधी बंगळूर, अकरा महिने.
मग पुणे, प्रकल्प संपेपर्यंत. तो आधीच संपला.
आता हा अर्ज.

आईचं वर्गीकरण माझ्याहून जुनं.
एक देह, एक जीव: ते प्रत्येक.
एका देहात अनंत जीव: ते अनंतकाय.
बटाटा, रताळं, ओलं आलं,
हुपरीच्या आमच्या चुलीवर कधी चढलं नाही.
दोनच पायऱ्या. कुठल्या परिषदेत मतदान नाही.
मी सात शिकले,
आणि शेवटच्या दोघींत अजून भांडण चालू आहे.

नव्या प्रयोगशाळेला मुळांची टोकं हवीत.
गुणसूत्रं मोजायची, त्याशिवाय वंशवृक्षावर
हिची काडी कुठं चिकटवायची ते ठरत नाही.
म्हणजे कंद उकरायचा.
पठारावर मी मोजलेत: सतरा.

फोन वाजतो.
"काय करालीस?"
"अर्ज भरतोय."
"अजून? डॉक्टर झालीस न्हवं?"
"त्याच्या पुढचं आहे हे."
ती थोडा वेळ गप्प. डाळ निवडत असणार,
खडा एकीकडं, दाणा एकीकडं.
"त्या कंदाचं काय केलंस गं? काढलास?"
"नाही अजून."
"बरं झालं."
मग कुकरची शिट्टी, मग हळू आवाजात,
"पण लागतच असला तर एकच काढ.
आणि परत लाव. हात जोडून लाव."

मोर गेलाय. रस्त्यावर नुसतं ऊन.
चौकटीत मी लिहिते:
एकच काढणार. परत लावणार.

चार शब्द झाले.
एकशे शहाण्णव शिल्लक.